जिओफिजिक्स शिकायला घेण्याआधी कशाची तयारी करायची

जिओफिजिक्स, म्हणजे फिजिक्सच्या मोजमापांनी पृथ्वीच्या पोटातलं शोधायचा विषय, घेऊ का, हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. फिजिक्स केलेली मुलं विचारतात, जिऑलॉजी केलेली विचारतात आणि दोघांची भीती बरोब्बर उलटी असते, एकाला वाटतं आता दगडांची नावं पाठ करत बसावं लागणार, दुसऱ्याला वाटतं गणितात बुडणार. दोन्हीत तथ्य आहे, नाही असं नाही. पण याहून मोठी एक गोष्ट आहे जी ॲडमिशनच्या वेळी कोणी सांगत नाही आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या सेमिस्टरला मुलं गोंधळतात, म्हणून आज सविस्तर लिहिते.

ती गोष्ट म्हणजे इथे प्रश्न उलटा येतो. शाळेपासून आपल्याला सवय असते की वस्तू दिलेली आहे, वस्तुमान दिलंय, अंतर दिलंय, बल काढा, उत्तर एकच आणि ते पुस्तकाच्या मागे छापलेलं. इथे बल तुम्ही स्वतः मोजून आणता आणि मग विचारतात की खाली वस्तू काय होती, कुठे होती, केवढी होती. आणि एकाच मोजमापाला चपखल बसतील अशा अनेक वस्तू निघतात. सगळ्या गणिताने बरोबर. त्यातली कुठली धरायची आणि किती खात्रीने धरायची, माझ्या मते हा अख्खा विषय इतकाच आहे, बाकीचे पेपर त्याच्या तयारीसाठी असतात.

खाली जाऊन बघून यायची सोय नाही हे तर उघड आहे. सोव्हिएत काळात कोला द्वीपकल्पावर जे बोअरहोल खणलं ते १९८९ मध्ये १२,२६२ मीटरपर्यंत पोचलं, आणि पृथ्वीची त्रिज्या आहे साधारण ६,३७१ किलोमीटर, म्हणजे माणसाने सगळ्यात खोल खणलेलं भोकसुद्धा केंद्राच्या वाटेवर ०.२ टक्क्यापर्यंत जात नाही. कवच कुठे संपतं, गाभा कुठे सुरू होतो, त्यातला कुठला भाग द्रव आणि कुठला घन, हे जे काही आपण ठामपणे सांगतो ते बहुतेक सगळं वरून मोजून कळलेलं आहे. भूकंपाच्या लहरी, गुरुत्वाकर्षण, चुंबकीय क्षेत्र, विजेचा प्रवाह, उष्णता. कोर्सची नावं युनिव्हर्सिटीप्रमाणे बदलतात पण शिकवतात ते याच पाच गोष्टींभोवती.

ग्रॅव्हिटीचं उदाहरण घेऊ कारण त्यात सगळं लख्ख दिसतं. फील्डवर आपण मिलिगॅलमध्ये मोजतो, १ मिलिगॅल म्हणजे पृथ्वीच्या एकूण ओढीचा साधारण दहा लाखावा भाग, आणि चांगलं स्प्रिंगवालं ग्रॅव्हिमीटर ०.०१ मिलिगॅलपर्यंत वाचता येतं. आता नवी मशीन्स बरंचसं आपोआप करतात पण जुन्या मीटरवर शिकायला मिळालं तर सोडू नका. जमिनीवर ताटली ठेवायची, त्यावर मीटर, खालचे तीन स्क्रू थोडे थोडे फिरवत दोन्ही बुडबुडे मध्यावर आणायचे, मग आतला बीम, म्हणजे स्प्रिंगने तोलून धरलेली दांडी, मोकळा करायचा, आयपीसला डोळा लावून रेघ जागेवर येईपर्यंत डायल फिरवायची आणि ती दरवेळी एकाच बाजूने आणायची, पुढे गेली म्हणून मागे फिरवून चालत नाही, कारण दात्यांमधली ढिलाई आकड्यात उतरते. मग आकडा, वेळ, स्टेशन नंबर वहीत, आणि उचलायच्या आधी बीम लॉक. दूरवरून ट्रक गेला तरी रेघ थरथरायला लागते, वारा असला तर कोणीतरी आडोसा करून उभं राहायचं. दर तास-दोन तासांनी परत बेस स्टेशनवर येऊन तेच रीडिंग घ्यायचं कारण स्प्रिंग हळूहळू ताणत जाते आणि रीडिंग सरकतं, त्याला ड्रिफ्ट म्हणतात, शिवाय चंद्र आणि सूर्याच्या ओढीमुळे दिवसभरात ०.२-०.३ मिलिगॅलपर्यंत फरक पडतो तो वेगळा.

मग संध्याकाळी बसून करेक्शन्स. अक्षांशाचं, उंचीचं, मधल्या खडकाचं, आजूबाजूच्या डोंगरदऱ्यांचं. बऱ्याच मुलांना हा भाग रटाळ वाटतो, एक्सेलमध्ये फॉर्म्युला टाकला की झालं असं वाटतं. मला हा भाग फार आवडतो आणि का ते आकड्यातच सांगते. समजा जमिनीखाली ३०० मीटरवर केंद्र असलेला, १०० मीटर त्रिज्येचा एक गोल आहे आणि आजूबाजूच्या खडकापेक्षा त्याची घनता घनमीटरला १००० किलोने जास्त आहे. घसघशीत फरक आहे हा, चांगला खनिजसाठा म्हणता येईल असा. त्याची वर दिसणारी जास्तीत जास्त ॲनोमली, म्हणजे नेहमीच्या ओढीपेक्षा पडणारा फरक, किती? ०.३१ मिलिगॅल. आणि स्टेशनची उंची एक मीटरने चुकली तर नुसतं फ्री-एअर करेक्शन, म्हणजे उंचीचं, किती चुकतं? ०.३०८६ मिलिगॅल. बूगेर करेक्शन, म्हणजे मधल्या खडकाचं, उलट्या बाजूने थोडं सावरून घेतं, तरी साधारण ०.२ मिलिगॅलची चूक राहतेच. म्हणजे सर्व्हेवाल्याने उंची नीट घेतली नसेल तर तुमचा खनिजसाठा त्या एका मीटरमध्ये गडप होऊ शकतो किंवा नसलेला साठा उगवू शकतो. म्हणून कुठलाही नकाशा समोर आला की आधी उंच्या कशा मोजल्या हे विचारायची सवय लावून घ्या.

आता याच गोलाचा पुढचा भाग. त्याच जागी, तेच केंद्र ठेवून, त्रिज्या दुप्पट करा, २०० मीटर, आणि घनतेतला फरक आठपट कमी करा, १२५ किलो. वर जाणारी ॲनोमली? तीच. जवळपास तीच नाही हं, तंतोतंत तीच, प्रत्येक स्टेशनवर, कितीही भारी यंत्र आणलं तरी. कारण बाहेरून गोलाचं फक्त एकूण वस्तुमान जाणवतं आणि दोन्हीचं वस्तुमान सारखं आहे. खोली बदलली तर वक्राची रुंदी बदलते म्हणून गोलाची खोली काढता येते, पण तेसुद्धा तो गोल आहे हे आपण गृहीत धरलं म्हणून. ते गृहीत काढून टाकलं तर कमी खोलीवरचा पसरट, चपटा साठासुद्धा तोच वक्र देऊ शकतो. पोटेन्शियल थिअरीच्या, म्हणजे अशा ओढीच्या क्षेत्रांच्या गणिताच्या, पेपरात हे ग्रीन आणि गाउसच्या प्रमेयांच्या रूपात येतं आणि तेव्हा ते कोरडं वाटतं, पण हातात स्वतः मोजलेला डेटा असताना ते समोर आलं की त्याचं वजन कळतं.

याचं इतिहासातलं सगळ्यात देखणं उदाहरण भारतातलंच आहे आणि जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ते असतं. भारताच्या मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात कल्याणा आणि कल्याणपूर या दोन ठिकाणांच्या अक्षांशांमधला फरक जमिनीवरून मोजून एक आला आणि ताऱ्यांवरून वेगळा आला, तफावत साधारण ५.२ आर्कसेकंदांची. हिमालय ओळंब्याला आपल्याकडे खेचतो म्हणून ताऱ्यांवरचं मोजमाप हलतं, इथपर्यंत ठीक, पण कलकत्त्याचे धर्मगुरू आणि गणिती प्रॅट यांनी हिशोब मांडला तेव्हा हिमालयाच्या दिसणाऱ्या वस्तुमानामुळे तफावत जवळपास १५.९ सेकंदांची यायला हवी होती. म्हणजे हिमालय दिसतो तेवढा ओढत नाही, त्याच्याखाली कुठेतरी वस्तुमान कमी आहे. १८५५ मध्ये एअरी या इंग्लिश खगोलशास्त्रज्ञाने सांगितलं की डोंगराखाली हलक्या कवचाचं मूळ खोलवर गेलेलं आहे. प्रॅटने पुढे सांगितलं की खालचा तळ एकाच पातळीवर आहे आणि उंच भागाखालची घनताच कमी आहे. आणि गंमत बघा, दोन्ही मॉडेल्स त्या आकड्यांना बसवता येतात. गुरुत्वाकर्षण एकटं हा निवाडा करूच शकत नाही. तो केला भूकंपाच्या लहरींनी, हिमालय आणि तिबेटखाली कवच ७० किलोमीटरच्या आसपास जाड निघालं म्हणजे तिथे एअरीचं मूळ सापडलं, आणि मध्य-महासागरी पर्वतरांगा उंच आहेत त्या खालचं प्रावरण तापून हलकं झाल्यामुळे, तिथे प्रॅटचा विचार जास्त जवळचा. म्हणजे शंभर-दीडशे वर्षांनी कळलं की दोघांनाही आपापली जागा होती. कोर्समध्ये हे आयसोस्टसी, म्हणजे कवचाचा तरंगता समतोल, या नावाखाली दोन लेक्चरमध्ये उरकतात, तुम्ही मात्र त्यावर एक अख्खी संध्याकाळ घालवा.

बरं, आता सिस्मिक, म्हणजे लहरींच्या पद्धती. पहिल्या फील्ड कॅम्पला बहुतेक ठिकाणी रिफ्रॅक्शन, म्हणजे खालच्या थराच्या माथ्यावरून धावून वर येणाऱ्या लहरींची मोजणी, करायला लावतात, एका सरळ रेषेत जिओफोन, म्हणजे जमिनीची थरथर टिपणारी छोटी यंत्रं, रोवायचे, केबल टाकायची, टोकाला लोखंडी प्लेट ठेवून त्यावर घण मारायचा. एक जण मारणार, एक जण लॅपटॉपवर, बाकीच्यांनी जागचं हलायचं नाही कारण पावलांचा आवाज जिओफोनला घणाइतकाच प्रिय आहे. एकाच जागी परत परत मारून रेकॉर्ड एकमेकांत मिळवतात, नऊ वेळा मारलं तर खरी लहर नऊपट होते आणि इकडचा तिकडचा नॉइज साधारण तीनपटच वाढतो, म्हणून सिग्नल तिप्पट स्वच्छ. वर्गात हे वर्गमूळ फळ्यावर एका ओळीत येतं, इथे प्रत्येक घावाबरोबर स्क्रीनवर शेवटच्या जिओफोनची रेघ नॉइजमधून हळूहळू वर येताना दिसते, तेव्हा ते डोक्यात कायमचं बसतं.

त्यानंतर प्रत्येक ट्रेसवर, म्हणजे एकेका जिओफोनच्या रेघेवर, पहिला हेलकावा कुठे आला ते खूण करायचं. जवळच्या जिओफोनला काम सोपं, लांबच्याला मात्र दोन माणसं दोन जागी खूण करतात आणि दोघांचंही म्हणणं पटण्यासारखं असतं. वेळ आणि अंतर यांचा आलेख काढला की आधी एक तीव्र चढाची रेघ आणि मग तुटून कमी चढाची, चढ कमी म्हणजे वेग जास्त, खालच्या कडक थरातून लहर लांबून येऊनही आधी पोचली. मोहोरोविचिच या क्रोएशियन शास्त्रज्ञाने १९०९ च्या झाग्रेबजवळच्या भूकंपाच्या नोंदीत हेच पाहिलं, पी वेव्ह, म्हणजे भूकंपाची सगळ्यात आधी पोचणारी लहर, दोनदा आलेली, एक कवचातून ताशी नव्हे तर सेकंदाला सहा-एक किलोमीटरने आलेली आणि एक खालून आठच्या आसपास वेगाने आलेली, आणि त्यावरून कवचाचा तळ सापडला. तुम्ही घणाने काही मीटर खोलीचा खडक शोधता आणि त्याने पृथ्वीचं कवच मोजलं, आलेख तोच, फक्त अक्षांवरचे आकडे वेगळे.

आणि इथेही एक खोच आहे. खालचा थर वरच्यापेक्षा मंद असेल तर लहर त्याच्या माथ्यावरून धावून वर परत येतच नाही, रिफ्रॅक्शनच्या आलेखात तो थर उमटतच नाही, आणि खालच्या सगळ्या थरांच्या खोल्या चुकतात. आलेख मात्र सुंदर सरळ रेघांचा येतो, कुठेही शंकेला जागा नाही असा. दख्खनच्या बेसॉल्टखाली गाळाचे खडक शोधताना नेमकी हीच अडचण येते, वर कडक, वेगवान बेसॉल्ट आणि खाली त्यामानाने मंद गाळ. तिथे मॅग्नेटोटेल्युरिक, म्हणजे जमिनीतल्या नैसर्गिक विद्युत-चुंबकीय बदलांवरून मोजायची पद्धत, उपयोगी पडतं कारण बेसॉल्ट विजेला अडवतो आणि गाळ वीज बऱ्यापैकी वाहून नेतो, जे लहरींना दिसत नाही ते विद्युतप्रवाहाला दिसतं. एका पद्धतीने भागत नाही हे वाक्य प्रत्येक पुस्तकात असतं, पण कुठली पद्धत कशाला आंधळी आहे हे माहीत असणं म्हणजे खरं शिक्षण. परीक्षेत विचारो न विचारो, प्रत्येक पद्धत शिकताना वहीत वेगळं लिहून ठेवा की हिला काय दिसणार नाही.

हे सगळं एकत्र येतं इन्व्हर्शनच्या, म्हणजे मोजमापावरून खालचं मॉडेल काढण्याच्या, पेपरात आणि मुलं घाबरतात ती इथेच. अज्ञात गोष्टी हजारो, डेटा त्याहून कमी किंवा एकाच भागात गोळा झालेला, साधं लीस्ट स्क्वेअर, म्हणजे डेटाशी एकूण चूक सगळ्यात कमी ठेवणारं गणित, लावलं तर मॅट्रिक्स उलटवता येत नाही किंवा उलटवलं तर नॉइज फुगून मॉडेलमध्ये राक्षसी आकडे येतात. मग डॅम्पिंग घालतात, म्हणजे मॉडेलला सांगतात की फार वाकडंतिकडं होऊ नको, गुळगुळीत राहा. त्याने उत्तर येतं, छान रंगीत नकाशा येतो. पण त्या नकाशातले ते मऊ मऊ गोल फुगे जमिनीत तसेच आहेत म्हणून आले की आपण गुळगुळीतपणा मागितला म्हणून आले, हा प्रश्न विचारायलाच हवा. बॅकस आणि गिल्बर्ट यांनी १९६७ ते १९७० या काळात जे पेपर लिहिले त्यांनी हा प्रश्न नीट मांडला, की एका बिंदूवरची किंमत सांगता येत नसेल तर निदान केवढ्या भागाची सरासरी भरवशाने सांगता येते ते सांगा. माझ्यासाठी अख्ख्या डिग्रीतला सगळ्यात मोलाचा विचार हा आहे. टोमोग्राफीत, म्हणजे लहरींवरून पृथ्वीच्या आतलं चित्र काढताना, चेकरबोर्ड टेस्ट, म्हणजे बुद्धिबळाच्या पटासारखं खोटं मॉडेल घेऊन ते परत मिळतं का ही चाचणी, दाखवून लोक मोकळे होतात, ती टेस्ट वाईट नाही, पण तिच्यात खोटा डेटा आणि उत्तर दोन्ही एकाच थिअरीने बनवलेलं असतं, थिअरीच अपुरी असेल तर ती टेस्ट काही बोलत नाही. आणि चौकोन छान परत आले म्हणून लांबलचक आकारही परत येतील असं नसतं.

म्हणून गणिताबद्दल माझा सल्ला स्पष्ट आहे. लिनिअर अल्जिब्रा मनापासून करा, आयगेनव्हॅल्यू आणि सिंग्युलर व्हॅल्यू हे शब्द ओळखीचे नाही तर सवयीचे झाले पाहिजेत. फूरिए ट्रान्सफॉर्म हाताने करून बघा, सॅम्पलिंग विरळ झालं की जास्त फ्रिक्वेन्सी खोट्या कमी फ्रिक्वेन्सीच्या वेशात कशी येते ते स्वतः प्लॉट करा. कोडिंग पायथनमध्ये शिका, सिस्मॉलॉजीसाठी ऑबस्पाय ही मोफत लायब्ररी आहे, जगभरच्या स्टेशन्सचा डेटा तिच्यातून उतरवता येतो. आणि जिऑलॉजी टाळू नका, फिजिक्सवाल्यांनी तर मुळीच नाही. शंभर मॉडेल्स डेटाला बसत असताना त्यातली ऐंशी एका वाक्यात बाद करणारा माणूस बहुतेक वेळा जिऑलॉजिस्ट असतो, तो म्हणतो असा फॉल्ट या दिशेला असूच शकत नाही, आणि का ते उघड्या कातळावर बोट ठेवून दाखवतो.

नोकरीचं थोडक्यात सांगते. तेल-वायू हा जुना मोठा मालक, त्यात भरती तेलाच्या भावाबरोबर वरखाली होते. भूजल, खाणकाम, बोगदे आणि धरणांच्या साइट्स, जिओथर्मल, कार्बन जमिनीखाली साठवण्याचे प्रकल्प, भूकंपाच्या धोक्याचा अभ्यास, हे सगळं आहे. डेटा सायन्सकडे वळणारेही बरेच, कारण नॉइजमधून सिग्नल काढायची सवय तिथे कामी येते.

भूकंपाच्या धोक्याबद्दल बोलायचं तर कोयना वाचाच. १९६२ पासून धरणात पाणी भरायला लागलं, भूकंप जाणवायला लागले आणि डिसेंबर १९६७ मध्ये ६.३ चा आला, जलाशयामुळे उद्दीपित झालेल्या भूकंपांचं जगातलं सगळ्यात जास्त अभ्यासलेलं उदाहरण. पाणी खाली झिरपून भेगांमधला दाब वाढवतं हे बोलायला सोपं, पण कुठल्या भेगेत, किती खोल, किती उशिराने, हे सांगायला पुन्हा तोच उलटा प्रश्न सोडवावा लागतो.

इंगे लेमान या डॅनिश भूकंपशास्त्रज्ञ बाईबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. गाभ्याच्या सावलीत, जिथे पी वेव्ह पोचायला नको, तिथे क्षीण हेलकावे दिसत होते. १९२९ चा न्यूझीलंडचा मोठा भूकंप त्यात महत्त्वाचा होता. बाकीचे लोक ते लहरी वळसा घालून येत असतील म्हणून सोडून देत होते. तिने एक अगदी साधं मॉडेल घेतलं, स्थिर वेगाचे दोन गोल, त्यात आत आणखी एक छोटा गोल ठेवला आणि दाखवलं की मग ते हेलकावे बरोबर त्या वेळेला येतात. १९३६ चा तो पेपर, नाव फक्त एका लहरीच्या खुणेचं, पी आणि वर एक छोटी तिरकी रेघ, म्हणजे पी प्राइम. आतला गाभा सापडला. ती म्हणाली नाही की असंच आहे, ती म्हणाली की असं धरलं तर सगळं जुळतं, आणि पुढच्या काही वर्षांत इतरांनी वेगळ्या वाटेने येऊन तेच पक्कं केलं. शिकताना हा पेपर मिळवून वाचा, गणित बी.एस्सी.च्या मुलाला झेपेल असं आहे.

आणि ॲडमिशनच्या आधी काही करून बघायचं असेल तर एक काम सुचवते. जवळपासच्या तीन स्टेशन्सनी नोंदवलेला एखादा मध्यम भूकंप घ्या, ऑबस्पायने डेटा उतरवा, प्रत्येक रेकॉर्डवर पी आणि तिच्यामागून येणारी मंद लहर एस कुठे आल्या ते डोळ्याने खूण करा. दोघींमधल्या सेकंदांना साधारण आठने गुणलं की किलोमीटरमध्ये अंतर येतं, हे जवळच्या भूकंपांसाठी चालतं. नकाशावर तीन वर्तुळं काढा. ती एका बिंदूत मिळणार नाहीत, मधे एक छोटा फुगीर त्रिकोण उरेल. तो का उरला ते शोधायला बसा. भूकंप खोलवर होता आणि तुम्ही वर्तुळं जमिनीवर काढलीत, हे एक कारण. आठ हा आकडा त्या भागातल्या खडकाला लागू नसेल, हे दुसरं. एस वेव्ह पी च्या शेपटीत लपली होती आणि खूण अर्धा सेकंद सरकली, हे तिसरं, म्हणजे चार किलोमीटर. यातलं कुठलं किती जबाबदार हे तीन स्टेशन्सवरून सांगता येणार नाही, चौथं-पाचवं जोडून बघा त्रिकोण कुठल्या बाजूने आक्रसतो. हे करताना तास कसे गेले कळलं नाही असं झालं तर बेलाशक फॉर्म भरा.